पोटखराब

अप्पांनी उतारा टेबलावर पसरला आणि चष्मा कपाळावर सरकवला. कन्नड वाचताना ते चष्मा काढतात आणि मराठी वाचताना घालतात. असं का, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांचं बोट रकान्यांवरून सरकत एका ठिकाणी थांबलं.

"एकूण एक एकर सहा गुंठे. त्यातले नऊ गुंठे खराब."

"खराब म्हणजे?"

"पोटखराब. पीक येत नाही अशी जागा. तिला सारा नसतो."

"कुठली जागा?"

"तुझीच की. तळ्याकडची."

माझीच म्हणजे जांभळाच्या झाडापासून पाण्यापर्यंतचा तो उतार, जिथे मी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या काढल्या. तो कागदावर खराब म्हणून नोंदलेला आहे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि खरं सांगते, मनाला लागलं. आपल्याच भावंडाच्या दाखल्यावर शेरा वाईट निघावा तसं.

उतारा ट्रंकेतून बाहेर आला त्याला कारण होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक छोटी बाग आहे. ती शहराला वाढवायची आहे आणि त्यासाठी अलीकडच्या काठाची शेतं विकत घ्यायची आहेत. आमचं शेत त्यात येतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कार्यालयाचंही नाही. व्यवहार अर्ध्यावर आहे आणि आमची भावकी मोबाइलवर सगळं वाचते. बेळगावच्या दक्षिणेला भाताचं जे शिवार पसरलंय त्यात कुठेतरी, एवढं पुरे. शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर अशी नावं घेतली की इकडच्या माणसाला बासमतीचा वास येतो, त्याच पट्ट्यात. आज्जी बाजाराला निघाली की "बेळगावला जाऊन येतो" म्हणायची. आता कुणाला जावं लागत नाही, बेळगावच चालत दारात आलंय.

तर खराब. आमच्या सीमाभागात पाट्यांवरून, शाळांवरून, गावाच्या नावावरून इतकं काही झालं, पण या एका शब्दावर दोन्ही भाषांचं एकमत आहे. मराठीत खराब, कन्नड उताऱ्यात खराबु. दोघींनी तो फारसीकडून उसना घेतला आणि परत केला नाही. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात जमिनीची मोजणी झाली तेव्हा साखळी ३३ फुटांची होती. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. मोजणीदार बांधाबांधाने फिरत आणि खडक, ओढा, पायवाट, पाणथळ असं जे नांगराखाली येणार नाही ते शेताच्या पोटातून वजा करत. त्यावर सारा बसत नसे. म्हणजे हा शब्द मुळात शेतकऱ्याच्या बाजूचा! काका तर सांगतात की पणजोबांनी मोजणीदाराला कोंबडं घालून दोन गुंठे जास्त खराब लिहून घेतले. खरंखोटं पणजोबाच जाणोत.

पुढे १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली त्या राज्याचं कर्नाटक झालं, 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर चढले, २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं. या सगळ्यातून आमचे नऊ गुंठे जसेच्या तसे खराब राहिले.

पीक येत नाही म्हणे. आज्जीने हे ऐकलं असतं तर तलाठ्याला सुपातून मुळे नेऊन दाखवले असते.

मे महिन्यात पाणी पार मागे हटायचं. मागे राहायचा काळा गाळ, त्याला हातभर भेगा. त्या भेगांत आम्ही पोरं चिंचोके टाकायचो, का ते विचारू नका. मग गाड्या यायच्या. गाव तळ्यातला गाळ काढून भाताच्या शेतात टाकायचं. कुणी किती गाड्या न्यायच्या यावर भांडणं व्हायची आणि मृग तोंडावर आला की आपोआप मिटायची. पहिले पाऊस झाले की त्या भेगा मिटत. भाताचं तरू, म्हणजे रोपं, टाकलेल्या वाफ्याशेजारी लव्हाळा वर यायचा. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालून आमच्यावर केकाटायची, तिच्या ओरडण्यावरून अंडी कुठे नाहीत ते कळायचं, कारण ती मुद्दाम चुकीच्या जागी ओरडते. आषाढात पाणी रोज वीतभर चढत यायचं. आज धुण्याचा दगड गेला, उद्या म्हशीचा खुंट गेला, अशी बातमी घरात यायची. सगळा उतार पाण्याखाली गेला आणि जांभळाच्या मुळाला पाणी लागलं, की आज्जी म्हणायची, "भरलं पोट." उताऱ्यावरचा शब्द तिला ठाऊक असेल असं वाटत नाही. अंगठेबहाद्दर होती ती.

गौरी याच खराबातून यायच्या. आमच्याकडे गौर तेरड्याची. तेरडा तिथेच वाढायचा, ओल धरलेल्या कडेला, गुलाबी आणि पांढरा. बायका पाणवठ्यावर जाऊन त्याच्या जुड्या बांधायच्या, पाण्याची पूजा करायच्या आणि मागे वळून न बघता घरी आणायच्या. माझी आत्ती एकदा वळून बघितली, तिच्या चपला राहिल्या होत्या काठावर. त्या वर्षीच्या सगळ्या वाईट गोष्टींचं खापर त्या चपलांवर फुटलं.

दिवाळीनंतर पाणी उतरू लागे. जेवढं उतरेल तेवढ्यावर आज्जी मागे मागे मुळा, कोथिंबीर, लाल माठ टाकत जायची. ना नांगर, ना खत. भात कापलेल्या वरच्या वावरात मसूर नुसत्या ओलीवर उठायची, बेळगावची ती बारीक मसूर. खाली अळू माजलेलं असायचं. पोरं खेकडे धरायची, क्वचित मरळ मिळायचा, मग त्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा. नऊ गुंठ्यांत नांगर कधी चालला नाही एवढाच काय तो त्यांचा दोष.

हे लिहिताना माझी मला शंका येते. तळं असं शेवटचं कधी होतं? म्हशी गेल्याला वीस वर्षं झाली. धुणं मशीनमध्ये गेलं. वरच्या बाजूला घरं वाढली तसं सांडपाणी उतरलं, जलपर्णी आली, डास आले, उन्हाळ्यात वास इतका की पाहुणे खिडकी लावून घ्यायला सांगायचे. गेल्या दहा वर्षांत आमच्या घरातलं कुणी त्या पाण्यात पाय बुडवायला गेलं नाही. बाग येण्याआधीच आम्ही तळ्याचा हात सोडला होता. तेव्हा शहराने काठ मागितला म्हणून गळा काढायचा हक्क मला आहे का, हे मी स्वतःला दोनदा विचारलं आणि मग काकांना विचारलं. ते म्हणाले, "हक्क आहे की. उताऱ्यावर नाव आहे."

काका व्यवहारी. शहराच्या आधी दोन वर्षं प्लॉटवाले येत होते. पांढरी गाडी, हातात कुंद्याचा बॉक्स, तोंडात "काका, तुमच्या पुढच्या पिढीचं बघा". तीस बाय चाळीस फुटांचे प्लॉट पाडणार, रस्ते सोडणार, तळ्याकडे तोंड असलेल्या प्लॉटला जास्त भाव. पलीकडच्या गल्लीत लोकांनी खरेदीखत न करता नुसत्या बाँडवर गुंठे विकले आणि आज घरपट्टीसाठी चकरा मारतायत, ते काकांनी पाहिलं होतं. म्हणून ते थांबले. शहर घेतंय म्हटल्यावर देवळात बैठक झाली, तीही गरमागरम. हलगा-मच्छे बायपासची आठवण कुणाच्या मनातून गेलेली नाही. सुपीक भातशेती जाते म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढले. इकडे सरकारी मोजणीचं यंत्र दिसलं की लोक आधी दगड शोधतात, मग चष्मा. पण इथे राजीखुशीची खरेदी होती आणि रस्त्याऐवजी बाग होती, म्हणून आवाज जरा खाली आला.

किमतीची बोलणी मात्र कायद्याच्याच अंगाने चालली. २०१३ चा भूसंपादन कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला, तो आमच्या गावात आता रामरक्षेसारखा पाठ आहे. आजूबाजूच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून बाजारभाव काढायचा, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम. म्हणजे शहरात दुप्पट. ग्रामीण भागात त्या भावाला आधी दोनपर्यंतचा गुणक लागतो, म्हणून चौपटीपर्यंत जातं. गंमत अशी की गाव शहराच्या हद्दीत गेलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, भाव वाढणार म्हणून. भाव वाढला आणि गुणक गेला. दुसरी गंमत आम्ही स्वतःच करून ठेवलेली. मुद्रांक शुल्क वाचवायला गावाने वर्षानुवर्षं खरेदीखतात निम्मीच किंमत लिहिली. आता शहर म्हणतं, तुमच्याच कागदावर हा भाव आहे. बैठकीत यावर जी शांतता पसरली, ती देवळात आरतीलाही नसते.

आणि मग आले नऊ गुंठे. पोटखराबात दोन प्रकार. 'ब' म्हणजे सार्वजनिक वापराची, तळं, रस्ता, ओढा; ती सरकारचीच. 'अ' म्हणजे पिकाला नालायक, पण मालकाची. आमच्या आकारबंदात, म्हणजे मोजणीखात्याच्या नोंदीत, 'अ' आहे. काकांनी त्या एका अक्षराला नमस्कार करायचा बाकी ठेवला. मागणी अशी झाली की खराबालाही चांगल्या जमिनीचा भाव द्या. समोरून साहजिकच कमी भाव आला, पाण्याखाली जाणाऱ्या जागेला पूर्ण पैसे कसे द्यायचे? काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. नऊ गुंठे म्हणजे ९,८०१ चौरस फूट, म्हणजे तीस-चाळीसचे आठ प्लॉट. "भर घातली की ही काय खराब राहते? तुम्ही भरणारच आहात की!"

बरोबर होतं त्यांचं. आराखड्यात तसंच होतं. पाण्याच्या कडेने दगडी भिंत, आत मुरूम टाकून सपाट, वर चालायचा ट्रॅक, पेव्हर, बाकं, व्यायामाची यंत्रं, मधे दिवे.

आत्तीची सही लागणार होती. आत्ती चंदगडला दिलेली, म्हणजे महाराष्ट्रात. बसने दीडेक तासाचा रस्ता, पण आमच्याकडे अजून "परराज्यातली आत्ती आली" म्हणून तिची चेष्टा करतात. २००५ साली वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलग्यासारखीच हिस्सेदार झाली, तेव्हापासून आमच्या भागात बहिणींना माहेरी फार प्रेमाने बोलावतात. जेवणं होतात, साडी दिली जाते आणि मग हक्कसोडीचा कागद पुढे येतो. काकांनीही सुरुवात साडीनेच केली. आत्तीने साडीचा पदर उलगडून पाहिला, घडी घातली आणि म्हणाली, "रंग चांगला आहे. आता माझा हिस्सा किती ते सांग." मला वाटलं होतं आत्ती तळ्यासाठी रडेल, धुण्याचा दगड तरी मागेल. तिने गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च मागितला, आकड्यासकट. सगळं ठरल्यावर निघताना उंबऱ्यात थांबून तिने एवढंच विचारलं, "बागेत जायाला तिकीट लावतील काय रे?"

कुणालाच सांगता आलं नाही.

त्या आठवड्यात मी संध्याकाळी किल्ला तलावाला जाऊन बसले. बेळगावच्या माणसाला तळ्याकाठी बसायचं म्हणजे तिथेच. समोरचा किल्ला रट्टांच्या काळातला, १२०४ साली बिचिराजाने बांधलेला, आणि काठावर २०१८ साली उभारलेला ११० मीटरचा ध्वजस्तंभ. पोरं मक्याची कणसं खात होती, एक नवं जोडपं फोटो काढत होतं, दोन निवृत्त माणसं पेन्शनवर बोलत होती. छान होतं, खोटं कशाला बोलू. या सगळ्यांपैकी कुणाकडेही काठाचा गुंठाभर मालकी हक्क नव्हता आणि कुणाला त्याची गरजही नव्हती. आमच्या शेतात आज परका माणूस बसायला आला तर काका "कोण पाहिजे?" विचारतात. एवढ्या एका कारणासाठी मी मनातून शहराच्या बाजूने आहे. प्लॉट पडले असते तर तळं आठ बंगल्यांच्या मागच्या अंगणात गेलं असतं.

पण एक गोष्ट लक्षात आली. दोन तासांत पाण्याला कुणी हात लावला नाही. लावताच येत नव्हता. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आठवली. १९२४ च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष असलेल्या त्या एकमेव अधिवेशनाला, माणसं येणार, त्यांना पाणी पाहिजे म्हणून ती खोदली होती. आता आपण तिचं पाणी वरून वाकून बघतो. शहराकडे गेलेलं पाणी नुसतं बघायचं पाणी बनतं. शेतकऱ्याकडचं पाणी कामाचं असतं, आणि काम संपलं की तो त्यात सांडपाणी सोडतो, हेही आलंच.

माझा चुलतभाऊ शिकागोला असतो. बागेचं कळल्यावर त्याने तिथल्या तळ्याचे फोटो पाठवले. तळं कसलं, समुद्रच. शहराच्या पुढ्यात मैलोन्‌मैल मोकळा काठ. त्याने सांगितलं ते मी मग वाचूनही काढलं: १८३६ साली तिथल्या कालव्याच्या अधिकाऱ्यांनी प्लॉटचा नकाशा काढला आणि तळ्याकडच्या पट्टीवर लिहून ठेवलं की ही सार्वजनिक जागा, कायमची मोकळी, इथे इमारत नको. नकाशावरच्या त्या एका ओळीच्या आधाराने माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी १८९० पासून वीस वर्षं कोर्टात भांडला आणि काठावर इमारती येऊ दिल्या नाहीत. मला हे फार आवडलं. एका ओळीवर वीस वर्षं! आमच्या आकारबंदातल्या 'अ'ची बहीणच. मग पुढचं वाचलं आणि हसू आलं. ती मोकळी बाग बऱ्याच अंशी तळं बुजवून केलेली आहे. १८७१ च्या आगीत शहर जळलं, त्याचा राडारोडा पाण्यात लोटला, आणि त्यावर पुढे हिरवळ आली.

त्यांचं तळं त्याला पुरून उरलं. आमच्या तळ्याला ते झेपायचं नाही. बेळगावहून रात्रीच्या बसने बंगळूरला जाणारा प्रत्येक जण पहाटे मॅजेस्टिकला उतरतो. ते बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या पोटात आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम आहे. तीही सार्वजनिकच कामं की. पाणी कुणी चोरलं नाही, फक्त सगळ्यांच्या सोयीचं काहीतरी तिथे आलं.

एप्रिलमध्ये मोजणी झाली. मोजणीदार तरुण होता, धारवाडकडचा, तिकाटण्यावर यंत्र लावून मोबाइलवर ठिपके बघत होता. सर्व्हे नंबरचा जुना दगड सापडल्यावर त्याला झालेला आनंद बघण्यासारखा होता. लाल रंगाचे सहा खुंट रोवले गेले. बरोबरच्या इंजिनिअर मुलाने आराखडा दाखवला. निळं तळं, हिरवी बाग, आणि दोघांच्या मधे एक जाड काळी रेघ.

मी विचारलं, "हे पाणी एप्रिलचं आहे की ऑगस्टचं?"

त्याने आराखडा जरा लांब धरून बघितला. "मॅडम, सॅटेलाइट फोटोत दिसलं तसं घेतलंय."

माझा सगळा प्रश्न तेवढाच आहे. कागदाला रेघ लागते. तळं वर्षातून एकदा शंभर पावलं पुढे येतं आणि एकदा शंभर पावलं मागे जातं, आणि ही मधली शंभर पावलं म्हणजे आमचे नऊ गुंठे, शेजाऱ्यांचे सात, पलीकडच्यांचे बारा. बंगळूरच्या तळ्यांभोवती ७५ मीटर जागा मोकळी सोडा, असं हरित लवादाने २०१६ साली सांगितलं. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. त्यावर बातम्या झाल्या, लेख झाले. पण ३० मीटर म्हणा की ७५, ते कुठल्या पाण्यापासून मोजायचे? मे महिन्यातल्या की २०१९ च्या ऑगस्टातल्या? त्या ऑगस्टात बळ्ळारी नाला शिवारभर झाला होता, शहराच्या निम्म्या सखल भागात पाणी होतं, आणि आमच्या शेतात जांभळाच्या बुंध्यावर ओल चढली ती अजून डागासारखी दिसते. काकांच्या वहीतलं ते मागचं पान मी घेतलं आणि खाली माझा हिशोब केला. ९,८०१ चौरस फुटांवर सरासरी दीड फूट पाणी धरलं तरी चार लाख लिटरच्या वर जातं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. तेवढं पाणी भिंत बांधून बाहेर ठेवलं तर ते कुठल्या तरी गल्लीत जाणार, आणि त्या गल्लीतला माणूस बागेत बाकावर बसून महापालिकेला शिव्या देणार.

अप्पांना हे पटलं. ते पोस्टात होते, सहा वर्षं धारवाडला काढलेली. कवी बेंद्रे ज्या साधनकेरी तळ्याच्या काठी राहायचे, त्या रस्त्याने रोज सायकलवरून जायचे. घरात मराठी बोलणारा माणूस कन्नडातला एवढा मोठा कवी झाला, १९७३ साली ज्ञानपीठ मिळालं, याचा अप्पांना स्वतःच्या प्रमोशनपेक्षा जास्त अभिमान. "त्या काठावर पण आता बागच आहे," ते म्हणाले. "तळं आहे अजून. दोन्ही राहू शकतं." मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कन्नडात अर्ज लिहायला घेतला. सही केलेल्या मालकांची विनंती, की खराबाच्या जागेत भर घालू नये, भिंत जांभळाच्या वर घ्यावी, खाली लव्हाळा राहू द्यावा, चालायचा रस्ता त्यावरून लाकडी फळ्यांचा करावा. सुंदर अक्षर आहे अप्पांचं, दोन्ही लिप्यांत.

काकांनी अर्ज वाचला आणि सहीला नकार दिला.

"दादा, तुझं डोकं फिरलंय काय? मी तिकडं म्हणतोय ही जागा चांगली आहे, चांगल्याचा भाव द्या. तू लिहून देतोस ही पाण्याचीच जागा आहे, पाण्यालाच ठेवा. मग ते म्हणणार, बघा, मालकच सांगतोय खराब आहे म्हणून!"

आम्ही दोघं गप्प. इतक्या दिवसांत हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाव पाहिजे तर नऊ गुंठ्यांना चांगलं म्हणायला पाहिजे आणि चांगलं म्हटलं की ते भरले जाणार. तळं पाहिजे तर त्यांना खराब म्हणायला पाहिजे, आणि मग आत्तीचा गुडघा, काकांच्या मुलाचं दुकानाचं कर्ज, सगळ्याला तेवढी कात्री. दोन्ही बाजूंनी एकच शब्द, आणि तो एकाच कागदावर दोन अर्थांनी चालत नाही.

"आधी पैसे घेऊ," काका समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मग काय शहाणपण शिकवायचं ते शिकव त्यांना."

मी भांडले नाही. भांडायला माझ्याकडे पगार आहे, काकांकडे शेत होतं. आणि खरं म्हणजे नऊ गुंठ्यांना पूर्ण भाव मिळायला हवा, असं मलाही वाटतं, फक्त कारण काकांच्या उलट. प्लॉटसारखे आहेत म्हणून कशाला, चाळीस टँकर पाणी धरतात म्हणून द्या. पण उताऱ्याला तो रकाना नाही. सारा बसतो किंवा बसत नाही, एवढंच त्याला विचारता येतं. दीडशे वर्षांपूर्वी ते पुरेसं होतं.

अर्ज अप्पांच्या पिशवीत राहिला. मे गेला. जून कोरडा गेला, लोकांनी तरू दोनदा टाकलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाऊस असा लागला की तीन दिवस कौलांवरून दुसरा आवाज नाही. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा अप्पा छत्री घेऊन निघाले, मी मागोमाग. आत्तीही आली, गुडघ्याला पट्टा बांधून. ऑपरेशनची तारीख अजून लागायची होती.

सहा खुंटांपैकी दोन दिसत होते. तिसऱ्याच्या डोक्यावरचा लाल रंग पाण्याच्या पातळीला टेकून हलत होता, त्यावर एक खंड्या येऊन बसला आणि आम्हाला बघून उडाला. तेरडा उगवलेला होता, बोटभर, यंदाही. आत्तीने कुणाला न विचारता चपला काढल्या, हातात घेतल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. "गार आहे गा," ती म्हणाली.

अप्पांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

"त्या तिसऱ्या खुंटाचा काढ. आणि तारीख येतेय काय बघ खाली. तारीख यायला पाहिजे."